रविवारच्या लाँग रनचा हिशेब घरातही मांडला जावा

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : लांब पल्ल्याच्या स्पर्धांचा सराव आणि लहान मुलांच्या वाट्याचा वेळ

महोदय,

दरवर्षी जानेवारीत मुंबईची मॅरेथॉन झाली की पुढच्या एक-दोन दिवसांत आपल्या जिल्हा पानावर जळगाव, भुसावळ, धुळे, अमळनेर, चाळीसगाव अशा ठिकाणांहून गेलेल्या धावपटूंची गळ्यात पदक घातलेली छायाचित्रे प्रसिद्ध होतात आणि खान्देशातील वाचक ती कौतुकाने पाहतात. या बातम्यांत एक गोष्ट नेमाने आढळते. धावपटू स्त्री असेल तर तिने ‘घर, नोकरी आणि मुले सांभाळून’ हे यश मिळवले असे आवर्जून लिहिले जाते. पुरुष असेल तर तो पहाटे किती वाजता उठत होता, आठवड्याला किती किलोमीटर धावत होता आणि आहारात काय घेत होता हे विचारले जाते; त्याच्या घरी दोन वर्षांचे मूल असेल आणि ते पहाटे पाचला जागे होऊन रडत असेल, तर त्याला त्या वेळी कोणी उचलून घेतले, हे मात्र त्याला कोणी विचारत नाही.

मी जळगावात राहते, बँकेत नोकरी करते आणि हौसेने अर्धमॅरेथॉन, म्हणजे एकवीस किलोमीटर, धावते. माझे पती लांब पल्ल्याची सायकल चालवतात. थोरला मुलगा दुसरीत आहे आणि धाकटी अजून बालवाडीच्या वयाची आहे. त्यामुळे हा विषय आमच्या घरात रोजचा आहे, आणि आमच्या ओळखीच्या अनेक घरांत तो कुरबुरीचा आहे. माझे म्हणणे असे की, या सरावासाठी लागणारे तास घराच्या सामाईक वेळेतून काढले जातात. म्हणून ते किती काढायचे आणि कोणत्या वर्षी काढायचे हे पती-पत्नीने मिळून, मुलांच्या वयाकडे पाहून ठरवले पाहिजे, आणि स्पर्धा भरवणाऱ्यांनीही आपले नियम व वेळापत्रक आखताना स्पर्धकांमध्ये लहान मुलांचे आईवडील असतात हे लक्षात घेतले पाहिजे.

प्रथम तासांचाच विचार करू. पूर्ण मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर आहे. तिच्या तयारीचे प्रचलित आराखडे सोळा ते अठरा आठवड्यांचे असतात आणि त्यांत रविवारचा लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सर्वांत लांब धाव, वाढत वाढत तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंत जातो. किलोमीटरला सात मिनिटे या वेगाने धावणाऱ्या हौशी धावपटूला तीस किलोमीटरसाठी साडेतीन तास लागतात. त्यात आधीची तयारी, मैदानावर जाणे-येणे, नंतरचे स्ट्रेचिंग, सोबत्यांबरोबरचा चहा आणि पोहे मिळवले की रविवारची सकाळ संपलेली असते. अर्धमॅरेथॉनसाठी लाँग रन सोळा-अठरा किलोमीटरचा पुरतो, म्हणजे त्याच वेगाने दोन तासांत माणूस मोकळा होतो. सायकलवाल्यांचे गणित आणखी वेगळे आहे. ब्रेव्हे या, ठरलेल्या मुदतीत लांब अंतर सायकलने पार करण्याच्या प्रकारात २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस आणि ६०० ला चाळीस तासांची मुदत असते. दर चार वर्षांनी होणाऱ्या १२०० किलोमीटरच्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसचे स्वप्न पाहणाऱ्याला त्याच वर्षात हे चारही टप्पे पार करावे लागतात, आणि प्रत्येक टप्प्याच्या आधीचा सराव वेगळाच. आयर्नमॅन अंतराच्या ट्रायथलॉनमध्ये ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर पूर्ण मॅरेथॉन असते. तिन्हींचा सराव करणाऱ्याचे आठवड्याचे दहा-पंधरा तास सहज जातात. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून उत्तर महाराष्ट्रात लांब पल्ल्याच्या सायकलिंगची हौस वाढली असे मला वाटते, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. पण हौस वाढली की तिला लागणारा वेळही वाढतो, आणि त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही.

हा सगळा वेळ ‘तब्येतीसाठी’ दिला जातो असे घरी सांगण्याची पद्धत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेला व्यायाम आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जास्त तीव्रतेचा आहे. म्हणजे रोज अर्धा-पाऊण तास झपझप चालणाऱ्या माणसाने ही अपेक्षा पूर्ण केलेली असते. त्यापलीकडे जे होते तो शौक आहे, आव्हान आहे, मित्रांची संगत आहे, स्वतःला अजमावण्याचा आनंद आहे. मला तो आनंद ठाऊक आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. मात्र त्याला औषधाचा दर्जा देऊन घरातल्यांचे तोंड बंद करणे योग्य नाही. रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवायला चाळीस तासांची सायकल स्वारी लागत नाही, हे प्रत्येक सायकलस्वाराला मनातून माहीत असते.

आईने खेळाच्या मैदानावर उतरावे की नाही, हा वाद वर्तमानपत्रांना नवा नाही. नेदरलँड्सच्या धावपटू फॅनी ब्लँकर्स-कोएन १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला उतरल्या तेव्हा त्या तीस वर्षांच्या आणि दोन मुलांच्या आई होत्या. त्यांनी तिथे चार सुवर्णपदके जिंकली. वृत्तपत्रांनी त्यांना ‘उडती गृहिणी’ म्हटले, आणि मुलांना घरी ठेवून आल्याबद्दल त्यांना दूषणे देणारी पत्रेही आली. दुसऱ्या टोकाला केनियाचे मॅरेथॉनपटू एलिउड किपचोगे आहेत. ते वर्षानुवर्षे आठवडाभर काप्तागातच्या सराव शिबिरात राहत आणि शनिवार-रविवारी बायकोमुलांकडे घरी जात, ही गोष्ट जगभरच्या लेखांत त्यांच्या साधेपणाचा आणि शिस्तीचा दाखला म्हणून सांगितली गेली. किपचोगे यांचा तो व्यवसाय आहे आणि त्यावर घर चालते, हे मान्य. पण आपल्या गावातला हौशी धावपटू जेव्हा त्यांच्याकडे बोट दाखवून स्वतःचे वेळापत्रक आखतो, तेव्हा पदकाबरोबर पगार येत नाही एवढे तरी त्याने आठवावे.

खान्देशाच्या हवामानामुळे हा प्रश्न आपल्याकडे अधिक टोकदार होतो. पुण्यात किंवा नाशकात मे महिन्यात सकाळी आठलाही धावता येते. जळगाव-भुसावळला त्या दिवसांत दुपारी पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, रात्रीही भिंती तापलेल्या असतात, आणि सूर्य पावणेसहाला उगवला की तासाभरात धावणे नकोसे होते. म्हणून उन्हाळ्यात मेहरूण तलावाच्या काठावर पहाटे साडेचार-पाचलाच माणसे दिसतात. आता नेमक्या याच काळात मुलांच्या शाळा सकाळच्या सत्रात भरतात. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, तेव्हा आमच्यासारख्या पालकांना बरे वाटले होते. पण मार्च-एप्रिलच्या उन्हात दुपारची शाळा ठेवणेही शक्य नसते. त्यामुळे एकाला ज्या वेळी धावायला जायचे असते, त्याच वेळी दुसऱ्याला मुलांना उठवणे, न्हाऊ घालणे, डबा करणे आणि रिक्षेपर्यंत पोहोचवणे ही कामे एकट्याने उरकावी लागतात. घरात दोघेही धावणारे असतील तर हा तिढा रोजचा असतो. एकच धावणारा असेल तर तिढा दिसत नाही. दुसरे माणूस गपचूप सगळे करत असते.

हिवाळ्यात हवा सुखद असते, पण तेव्हा दुसरी अडचण येते. जानेवारीतल्या मॅरेथॉनसाठी सोळा-अठरा आठवडे मागे मोजले की सराव सप्टेंबरच्या मध्यात सुरू होतो, आणि मग पितृपक्ष, नवरात्र, मुलांची सहामाही परीक्षा, दिवाळी, दिवाळीची सुट्टी असे सगळे त्या आराखड्यात येऊन बसते. ज्यांची शेती आहे त्यांच्या घरी याच दिवसांत कापसाची वेचणी चालते. डिसेंबर उजाडला की शेतात भरीत पार्ट्या सुरू होतात. काट्याकुट्यांच्या जाळावर वांगी भाजली जात असतात, कळण्याच्या भाकरी होत असतात, पोरे बांधावरून हुंदडत असतात. बाहेरगावच्या वाचकांना कदाचित हे किरकोळ वाटेल, पण आपल्याकडच्या मुलाला वर्षभर आठवत राहणारा रविवार तोच असतो, आणि सरावाच्या आराखड्यात सर्वांत मोठे लाँग रन नेमके त्याच रविवारांवर येतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्याकडे घरोघरी कानबाई देवी बसते. त्या दिवशी ‘आज तीन तास येणार नाही’ असे सांगून बाहेर पडण्याची हिंमत घरातल्या सुनेला होईल का, याचा विचार पुरुष धावपटूंनी जरूर करावा. माझ्या माहितीतल्या एकाही धावणाऱ्या सुनेला ती होत नाही. त्या घरच्या मुलाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, मात्र होते.

या सगळ्यात न मोजली जाणारी एक गोष्ट आहे आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. धावण्याचे तीन-साडेतीन तास घड्याळावर दिसतात. त्यानंतर माणूस घरी येतो, भरपेट जेवतो आणि दुपारभर झोपतो. संध्याकाळी पाय दुखतात म्हणून मुलाला उचलून घेत नाही, आणि सोमवारी कामावर जायचे म्हणून लवकर झोपतो. मुलाच्या दृष्टीने त्याचा बाप रविवारी घरी होता आणि नव्हताही. साडेतीन तासांच्या सरावाने पूर्ण दिवस खाल्ला, पण घरच्या हिशेबात ‘सकाळी थोडा वेळ पळून आला’ एवढीच नोंद होते. ज्या जोडप्यांना या विषयावर भांडण टाळायचे आहे त्यांनी धावण्याचे तास आणि त्यानंतर घराच्या उपयोगी न पडण्याचे तास असे दोन्ही मिळून मोजावेत. रविवारी लांब धावायचे असेल तर शनिवारी रात्री लवकर झोपून, धावताना वेळेवर पाणी-मीठ घेऊन आणि वेग आवरून दुपारी ताजेतवाने राहणे हाही सरावाचाच भाग मानला पाहिजे. हौशी धावपटूंपैकी पुष्कळजण लाँग रन गरजेपेक्षा फार वेगाने धावतात, आणि त्याची किंमत घरातली माणसे चुकवतात.

लहान मुलांच्या वर्षांत सराव कमी केला तर सगळे कमावलेले जाईल, ही भीतीही पुष्कळ अंशी निराधार आहे. अमेरिकेतील व्यायाम-संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, सहा दिवसांचा सराव चार किंवा दोन दिवसांवर आणला तरी तीव्रता कायम ठेवल्यास शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पंधरा आठवडे जवळपास तशीच टिकली. सरावाची रोजची वेळ दोन तृतीयांशाने कापली तेव्हा मात्र खूप वेळ दम धरण्याची ताकद घटली, आणि हे अनुभवालाही पटणारे आहे. याचा साधा अर्थ असा की, मूल तान्हे असताना आठवड्यातून दोन-तीनदा नीट मन लावून धावणारा माणूस आपला पाया राखू शकतो. त्याला त्या वर्षी पूर्ण मॅरेथॉन झेपणार नाही, दहा किंवा एकवीस किलोमीटर झेपेल. मूल पाच वर्षांचे होईपर्यंत एकवीसवर थांबावे आणि वर्षातून एकच मोठा हंगाम धरावा, असे माझे मत आहे. सहाशे किलोमीटरची ब्रेव्हे आणि आयर्नमॅन तर त्या काळात बाजूलाच ठेवावी; रात्रीच्या अंधारात धुळे-जळगाव महामार्गावरून ट्रकच्या बाजूने सायकल चालवण्यात जो धोका आहे तो घरी तान्हे मूल असलेल्या माणसाने अविवाहित मित्राइतक्या सहज पत्करू नये. हे मत काही मित्रांना भित्रेपणाचे वाटते. त्यांच्या घरी मूल सांभाळायला कोण असते, हे मी त्यांना विचारते.

आमच्या घरी जे ठरले आहे ते आदर्श आहे असा माझा दावा नाही, पण निभते म्हणून सांगते. रविवार एकाआड एक वाटून घेतला आहे. ज्याचा रविवार नसेल त्याचा लांबचा सराव शनिवारी पहाटे होतो किंवा होत नाही. दोघांच्या मोठ्या स्पर्धा एकाच हंगामात घेतल्या जात नाहीत, म्हणून पतींची मोठी ब्रेव्हे असेल त्या मोसमात मी दहा किलोमीटरवर समाधान मानते आणि माझ्या अर्धमॅरेथॉनच्या वेळी ते घरी असतात. आठवड्यातला एखादा सराव मुले झोपल्यावर घरातल्या ट्रेनरवर, म्हणजे जागेवरच सायकल चालवण्याच्या उपकरणावर, होतो. त्याचा आवाज खालच्या मजल्यावर जातो म्हणून शेजाऱ्यांची परवानगी काढावी लागली, हे जाता जाता सांगितलेले बरे. सर्वांत उपयोगी पडले ते झोपेचे वेळापत्रक. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला दहा ते तेरा तास आणि सहा ते बाराच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते, हे बालरोगतज्ज्ञ सांगतातच. पहाटे उठायचे म्हणून आम्ही साडेनऊला दिवे मालवतो, टीव्ही नाही, मोबाइल नाही, आणि त्याचा सर्वांत मोठा फायदा मुलांना झाला. ज्या घरात आईवडील रात्री साडेअकरापर्यंत मालिका पाहतात आणि मुले सोफ्यावरच झोपी जातात, त्या घरापेक्षा धावणाऱ्याच्या घरातली रात्र मुलांना मानवते, हे आमच्या बाजूनेही नोंदवायला हवे.

‘आजी आहे ना घरात’ हे उत्तर मला अनेकदा ऐकू येते. खान्देशात एकत्र कुटुंबे अजून पुष्कळ आहेत आणि आजी-आजोबांच्या मांडीवर वाढलेली मुले भाग्यवान असतात, यात शंका नाही. तरीही पासष्टीच्या बाईने, जिचे स्वतःचे गुडघे दुखतात, तिने मुलाच्या गुडघ्यांच्या व्यायामासाठी दर रविवारी पहाटे पाचला उठून दोन नातवंडांना सांभाळावे, ही अपेक्षा मागून घेतलेली असावी, गृहीत धरलेली नसावी. आमच्या सासूबाईंनी स्पष्ट सांगितले आहे की महिन्यातून एक रविवार त्या आनंदाने देतील आणि बाकीचे त्यांचे भजनी मंडळाचे आहेत. हे इतके सरळ बोलणे झाल्यामुळे कोणाच्याच मनात काही राहत नाही.

आता बाळंतपणानंतर पुन्हा धावू पाहणाऱ्या स्त्रियांविषयी. ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी २०१९ मध्ये तयार केलेल्या मार्गदर्शनात प्रसूतीनंतर निदान तीन महिने धावणे सुरू करू नये, आणि त्यानंतरही ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची तपासणी करून हळूहळू वाढवावे, असे म्हटले आहे. आपल्याकडे सव्वा महिना झाला की बाई उठून कामाला लागते, पण धावायला निघाली तर ‘आता एवढी घाई कशाला’ म्हणून तिला अडवले जाते; आणि वर्षभराने ती निघाली तरी तेच ऐकते. याउलट, इंग्लंडच्या जॅस्मिन पॅरिस यांनी २०१९ मध्ये स्पाइन रेस ही २६८ मैलांची, म्हणजे सुमारे ४३० किलोमीटरची, हिवाळी डोंगरी शर्यत ८३ तास १२ मिनिटांत जिंकली तेव्हा त्यांची मुलगी चौदा महिन्यांची होती आणि वाटेतल्या थांब्यांवर त्या तिच्यासाठी दूध काढत होत्या. पुरुषांचा आधीचा विक्रम त्यांनी बारा तासांनी मोडला. आदल्या वर्षी, २०१८ मध्ये, आल्प्समधल्या यूटीएमबी या सुमारे १७० किलोमीटरच्या शर्यतीत सोफी पॉवर यांचे तीन महिन्यांच्या बाळाला विश्रांतीच्या थांब्यावर दूध पाजतानाचे छायाचित्र जगभर गाजले. गाजले ते कौतुकाने, पण त्यामागचे कारण कौतुकाचे नव्हते. शर्यतीत प्रवेश मिळणे अवघड आणि गरोदरपणामुळे तो पुढच्या वर्षावर ढकलण्याची सोय नाही, म्हणून त्यांना इतक्या लवकर उतरावे लागले. दुखापत झालेल्याला मात्र तशी सवलत होती. त्यांनी पुढे हा मुद्दा लावून धरला, आणि आज लंडन व बोस्टनसारख्या मोठ्या मॅरेथॉन गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या धावपटूंचा प्रवेश पुढे ढकलून देतात.

म्हणून उत्तर महाराष्ट्रात स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे की, त्यांनी हाच नियम आपल्या माहितीपत्रकात छापावा. प्रवेश शुल्क भरल्यावर गरोदर राहिलेल्या किंवा बाळंत झालेल्या स्त्रीचा प्रवेश दोन वर्षांपर्यंत पुढे चालावा. आणि ज्याच्या घरी नवे मूल आले आहे अशा बापालाही ही सवलत मिळावी, कारण त्याने त्या महिन्यांत घरी थांबावे असेच आपल्याला वाटते. यात मंडळांचे पैसे जात नाहीत. मैदानावर पडदे लावलेला एक तंबू, त्यात खुर्ची, पिण्याचे पाणी आणि एक स्वयंसेविका, एवढ्याने तान्ह्या मुलाच्या आईची सोय होते. शे-दीडशे माणसांना नाश्ता देऊ शकणाऱ्या मंडळाला हे अवघड नाही. मार्ग जमेल तिथे फेऱ्यांचा ठेवावा. तलावाभोवती किंवा विद्यापीठाच्या आवारात पाच किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर मूल आणि त्याच्यासोबतचे माणूस एका जागी सावलीत बसून आई किंवा वडील चार वेळा समोरून जाताना पाहू शकते, आणि कटऑफची, म्हणजे शर्यत संपवण्याच्या मुदतीची, घाई नसलेला धावपटू मध्येच दोन मिनिटे थांबूही शकतो. महामार्गाने एकवीस किलोमीटर सरळ जाणाऱ्या मार्गावर घरच्यांना दिसते ते फक्त बक्षीस समारंभाचे भाषण. पालिकांनीही सरावाच्या जागांचा विचार करावा: पहाटे पाचला चालू असलेले दिवे, स्वच्छ स्वच्छतागृह आणि मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त, या तीन गोष्टी असल्या तर धावणाऱ्या स्त्रीला सोबतीसाठी नवऱ्याला उठवावे लागत नाही आणि तो मुलांजवळ राहू शकतो.

एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. मुलांसाठी वेळ नाही, मग मुलांनाच सोबत पळवू, असा उपाय काही पालक काढतात. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज तासभर धावावे, उड्या माराव्यात, खेळावे असे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते, आणि स्पर्धेच्या दिवशी मुलांसाठी एक-दोन किलोमीटरची हसतखेळत फेरी ठेवण्यात काहीच वावगे नाही. पण पोराच्या छातीवर स्पर्धक क्रमांकाचा मोठा बिब लावून त्याला दहा किलोमीटर पळवणे आणि त्याचे चित्रीकरण करणे हे वेगळे. ओडिशातील चार वर्षांच्या बुधिया सिंगला २००६ च्या मे महिन्यात पुरी ते भुवनेश्वर ६५ किलोमीटर पळवले गेले, तेव्हाही टाळ्या वाजवणारी गर्दी मोठी होती. मुलांना धावण्याची गोडी लागावी असे ज्यांना वाटते त्यांनी लाँग रन संपवून उरलेल्या ताकदीने संध्याकाळी अंगणात त्यांच्याशी लगोरी खेळावी. आमच्याकडे या खेळात सर्वांत आधी दमणारा सदस्य तीनशे किलोमीटर सायकल चालवून आलेला असतो.

आई-वडिलांना घाम गाळताना पाहून मुले शिकतात, हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. सात वर्षांचा मुलगा पाहतो, विचारतो, मोजतो. थोरल्याला मेहरूणच्या फेरीचे अंतर माझ्याआधी पाठ झाले होते. तीन वर्षांच्या मुलीला मात्र शिस्त, जिद्द यांतले काही दिसत नाही. तिला दिसते ते दारातून बाहेर जाणारे माणूस, आणि ते कधी परत येईल एवढेच ती विचारते. म्हणून तिच्या वयापुरता तरी हा युक्तिवाद पालकांनी वापरू नये.

आपल्या दैनिकाकडून माझी अपेक्षा लहानशी आहे. पुढच्या जानेवारीत जिल्ह्यातील धावपटूंच्या मुलाखती घेताना, घरी लहान मुले असलेल्या पुरुष धावपटूंनाही मुलांकडे कोण पाहत होते आणि त्याबदल्यात त्या व्यक्तीला कोणता वेळ मिळाला, हे विचारावे आणि उत्तर जसेच्या तसे छापावे. स्त्रियांना तोच प्रश्न विचारायचा असेल तर त्याच शब्दांत विचारावा. तसेच आपल्या भागातील स्पर्धांच्या बातम्या आगाऊ प्रसिद्ध करताना अंतर, शुल्क आणि टी-शर्ट यांच्या माहितीसोबत गरोदरपणामुळे प्रवेश पुढे ढकलण्याची आणि मैदानावर तान्ह्या मुलांची सोय आहे की नाही, हे आयोजकांना विचारून एका ओळीत द्यावे. सोय नसेल तर ‘नाही’ असे छापावे.

कळावे,

आपली एक नियमित वाचक,
जळगाव